मत्स्यन्याय : कोणत्या माशाचा?



वाटाघाटीच्या बैठकींत आम्ही तीस वर्षे एकच वाक्य ऐकत आलो आहो. पगारवाढीचा विषय निघाला, की समोरचा कोणी शहाणा हसून म्हणतो, "मोठा मासा लहान माशाला खाणारच, निसर्गाचा नियमच आहे तो." मत्स्यन्याय कौटिल्यानेही सांगितला; पण तो दंडशक्ती नसली तर काय अनर्थ होतो, हे बजावण्यासाठी. तेव्हा आज प्रत्यक्ष एका माशाकडेच पाहू या.

हिंदी आणि प्रशांत महासागरांच्या उथळ पाण्यात, प्रवाळांच्या खडकांत आणि समुद्रातल्या गवतात हा राहतो. इंग्रजीत त्याला 'रॅबिटफिश' म्हणतात. आपण ससामासा म्हणू. तोंड सशासारखे आणि उद्योग चरण्याचा. खडकावरचे शेवाळ तो खातो. शेवाळ माजले, तर प्रवाळाच्या नव्या पिलांना बूड टेकायला जागा उरत नाही. म्हणजे त्या वस्तीचा हा सफाई कामगारच!

त्याच्याजवळ हत्यारही आहे. पाठीवर १३, शेपटीकडच्या खालच्या परात ७ आणि पोटावरच्या दोन परांत मिळून ४, असे २४ विषारी काटे. पण ते घेऊन तो कोणावर चालून जात नाही. ते केवळ बचावासाठी.

मात्र फटीत डोके घालून चरताना पाठीमागचे दिसत नाही. मग तो काय करतो? सायमन ब्रँडल आणि डेव्हिड बेलवुड या शास्त्रज्ञांनी ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर पाहिलेले २०१५ साली प्रसिद्ध केले. या माशाच्या काही जाती जोडीने राहतात. एक खाली चरतो, दुसरा वर पहारा देतो. थोड्या वेळाने पाळी बदलते. त्यामुळे चरणाऱ्याला एकट्या माशापेक्षा अधिक खोल फटीत शिरता येते. जोडी नरमादीचीच असते, असेही नाही.

आता विचार करा. पहारा देणारा तेवढा वेळ उपाशी असतो. आपली पाळी येईल, या भरवशावर तो उभा असतो. संपाच्या दिवसांत गिरणीच्या फाटकाशी उभ्या राहिलेल्यांना हा भरवसा काय असतो, हे सांगायला नको.

माशांवरून माणसाचे कायदे ठरवावेत, असे आमचे म्हणणे नाही. परंतु निसर्गाचा दाखला द्यायचाच, तर पुरता द्यावा. पुन्हा कोणी मत्स्यन्याय सांगू लागला, तर त्याला शांतपणे विचारा : कोणत्या माशाचा?