पाळण्यातलं नाव, दाखल्यावरचं नाव

गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीची मिरची प्रसिद्ध, म्हणून लेकीला लाडानं ‘मिरची’ म्हणा खुशाल, पण हाकेपुरतंच. बारशाला आत्या कानात ‘कुर्र’ करून जे नाव सांगते, तेच दाखल्यावर जावं. जन्माची नोंद 21 दिवसांत मोफत होते. नाव ठरलं नसेल तर ते वर्षभरात विनाशुल्क टाकता येतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावापुढे सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लागतं. तेव्हा आडनावासकट सगळं एकदा मोठ्यानं म्हणून बघा, जीभ अडखळते का ते कळेल. टोपणनाव मात्र हिणवणारं नको. साताऱ्यात ऑक्टोबर 2011मध्ये ‘नकुशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं देण्यात आली.