सचेतनपट : कसब आणि मालकी



ज्या नगरीला वाकाटकांच्या काळी वत्सगुल्म म्हणत, जेथे राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुषाचा साहित्यविद्यावधूशी विवाह लावून दिला, आणि जिच्या राजकुळाचा संस्थापक सर्वसेन हाच प्राकृतातील ‘हरिविजया’चा कर्ता होता, त्या वाशीमनगरीत कलेविषयी बोलावयाचे तर वक्त्याला प्रस्तावनेची फारशी तजवीज करावी लागत नाही. आजचा विषय मात्र वडीलधारी मंडळी मुलांवर सोपवून मोकळी होतात. सचेतनपट, ज्याला आपण रोजच्या बोलण्यात ॲनिमेशन किंवा नुसते ‘कार्टून’ म्हणतो, तो पोरांचा करमणुकीचा प्रकार, अशी समजूत आपल्याकडे इतकी रूढ झाली आहे की, त्यात कोणाची बुद्धी, कोणाचे श्रम आणि कोणाचा पैसा गुंतला आहे याची चौकशी करण्याची आवश्यकता सुशिक्षितांनाही भासत नाही. ती चौकशी आज करावी, एवढाच माझा हेतू आहे. माझे प्रतिपादन आरंभीच सांगून टाकतो: या व्यवसायात आपल्याजवळ कसब आहे, मालकी नाही, आणि मालकी नसल्यामुळेच आपली भाषा, आपली माणसे आणि आपली चालण्याबोलण्याची ढब पडद्यावर येत नाही.

अजिंठ्याचे सोळावे लेणे हरिषेण वाकाटकाचा सचिव वराहदेव याने कोरविले, हे तेथील शिलालेखच सांगतो. आणि हा हरिषेण वत्सगुल्म शाखेचा, म्हणजे आपल्याच गावचा. शेजारच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातक चितारले आहे. तेथे एकच राजपुत्र एकाच भिंतीवर पुनःपुन्हा भेटतो: येथे पत्नीला हद्दपारीची वार्ता सांगताना, थोडे पुढे नगराबाहेर पडताना, आणखी पुढे रथात, आणि अखेर पोटची मुले याचकाच्या हवाली करताना. चित्र जागचे हालत नाही, पाहणारा भिंतीच्या कडेने चालतो, आणि त्याच्या पावलांबरोबर कथा चालू लागते. सचेतनपटात याच्या उलट घडते. पाहणारा आसनावर स्थिर असतो आणि चित्र चालते. पंधराशे वर्षांपूर्वी ज्यांच्या आश्रयाने भिंतीवरील रेघेला काळाची गती मिळाली, त्या प्रदेशातील लोकांना ही कला परकी वाटावी, याचे मला मनापासून वाईट वाटते.

अर्वाचीन काळी तरी काय घडले? दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लोकांपुढे आणला, हे शाळेतला मुलगाही सांगेल. पण त्याआधी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून चित्रित केली, आणि तो चिमुकला पट दाखवूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास संपादन केला, ही गोष्ट फार थोड्यांच्या स्मरणात असते. बी फुटते, कोंब मान वर काढतो, वेल आधार शोधीत वळते, आणि हे सर्व डोळ्यांदेखत काही क्षणांत घडते. भारतीय चित्रपटाच्या कर्जाला पहिले तारण पडले ते या कोंबाचे. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ या पटात निर्जीव काड्या नाचविल्या. ‘प्रभात’ने १९३४ साली ‘जंबुकाका’ काढला. १९५६ साली फिल्म्स डिव्हिजनमध्ये व्यंगपटांचा स्वतंत्र विभाग उघडला, तेव्हा डिस्नेच्या कारखान्यात ‘बाम्बी’वर काम केलेले क्लेअर वीक्स हे मार्गदर्शनासाठी मुंबईस आले, आणि त्यांच्या हाताखाली जी. के. गोखले, राम मोहन यांसारखे कलावंत तयार झाले. या मंडळींनी १९५७ साली पहिला महत्त्वाचा पट केला, तो ‘द बॅनियन डियर’. गर्भवती हरिणीऐवजी आपली मान वधस्तंभावर ठेवणाऱ्या मृगराजाची ती जातककथा. परदेशी गुरू लाभला असतानाही या लोकांनी कथा आपली निवडली, हा विवेक मला पुढील सर्व वैभवापेक्षा मोलाचा वाटतो.

तो विवेक पुढे का टिकला नाही, हे समजण्यासाठी या धंद्याची रीत थोडी पाहिली पाहिजे. पडद्यावर सेकंदाला चोवीस चौकटी सरकतात. दीड तासाच्या चित्रपटास १,२९,६०० चौकटी लागतात. एक चित्र दोन चौकटींना पुरविले, तरी ६४,८०० चित्रे एकेका पात्राची होऊ शकतात. मुख्य चित्रकार हालचालीतील प्रमुख अवस्था काढतो: हात खाली, हात वर. मधल्या अवस्था भरणारा तो ‘इनबिटवीनर’. उजेडाच्या टेबलावर कागदावर कागद ठेवून, मागची आणि पुढची रेघ पारखीत, तो दिवसभर मधली रेघ काढतो. नंतर रेघ स्वच्छ करणारे, रंग भरणारे, चित्रण करणारे. पूर्वी हे काम पारदर्शक ॲसिटेटवर होई, आता संगणकावर होते; श्रमविभाग मात्र तोच राहिला.

या श्रमविभागात परदेशी निर्मात्यांना सोय दिसली. कथा, पात्रांची मूळ रेखाटने, स्टोरीबोर्ड आणि आवाज त्यांनी स्वतःकडे ठेवले. मधल्या रेघा, रंग आणि संगणकावरील हालचाल मुंबई, हैदराबाद, तिरुवनंतपुरम येथे पाठविली. आणि तयार माल परत मागवून त्यावर आपले नाव घातले. २०१० सालचा ‘अल्फा अँड ओमेगा’ हा लांडग्यांवरील अमेरिकी चित्रपट मुंबईच्या क्रेस्ट ॲनिमेशनमध्ये घडला, हे तो पाहणाऱ्या किती कुटुंबांना ठाऊक असेल? मेहनताना मिळाला, कसब वाढले, हे मी नाकारीत नाही. परंतु पात्र ज्याचे, त्याच्याच तिजोरीत पुस्तकांचे, खेळण्यांचे, दप्तरांवरील चित्रांचे आणि पुनःप्रक्षेपणाचे उत्पन्न वर्षानुवर्षे जमा होते. ते उत्पन्न मेहनतान्याच्या पावतीत कोठेही येत नाही.

या जिल्ह्यातील लोकांना हे समजण्यासाठी दूर जावे लागणार नाही. कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी घातली. कापूस येथला, सरकी काढणारे हात येथले, आणि त्याचे कापड होऊन ते विकले जाई ते अन्यत्र. स्वातंत्र्य आले, सरकारी गाड्या त्या रुळांवरून धावू लागल्या, तरी रुळांची मालकी कित्येक दशके खासगी कंपनीकडेच राहिली आणि सरकार तिला मोबदला भरीत राहिले. आमच्या चित्रकारांची स्थिती याहून निराळी नाही.

वॉल्ट डिस्नेलाही हा धडा ठोकर खाऊनच मिळाला. ‘ऑस्वाल्ड’ नावाचा ससा त्याने लोकप्रिय केला. १९२८ साली नवा करार करण्यास तो गेला, तेव्हा सशावर आपला काडीमात्र हक्क नाही, तो युनिव्हर्सलचा आहे, आणि आपले बहुतेक चित्रकारही फोडले गेले आहेत, असे त्याला आढळले. त्याच वर्षी त्याने मिकी माऊस निर्माण केला, आणि त्यानंतर पात्राची मालकी त्याने हातची जाऊ दिली नाही. याच्या उलट उदाहरण रिदम अँड ह्यूज या कंपनीचे. मुंबई आणि हैदराबाद येथेही तिच्या शाखा होत्या. ‘लाइफ ऑफ पाय’मधील वाघ जिवंत करून तिने २०१३ च्या फेब्रुवारीत ऑस्कर मिळविले, आणि ते हातात पडण्याच्या अकरा दिवस आधी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला होता. जगातील अत्युत्तम कसबही मालकीवाचून निराधार असते, याचा इतका विदारक पुरावा दुसरा सापडणार नाही.

आपल्याकडे दूरचित्रवाणीवर ज्यांनी स्वतःची पात्रे जन्माला घातली, त्यांचे श्रेय त्यांना निःसंकोचपणे दिले पाहिजे. हैदराबादच्या ग्रीन गोल्डचा ‘छोटा भीम’ २००८ पासून चालू आहे; मुंबईच्या कॉसमॉस-मायाने ‘लोटपोट’ मासिकातील जोडगोळी उचलून २०१२ साली ‘मोटू पतलू’ काढले. या पात्रांनी परदेशी मांजर-उंदरांची मक्तेदारी मोडली, हे मोठे काम झाले. तरीही माझी तक्रार दोन गोष्टींविषयी आहे. पहिली कारागिरीची. रोज नवा भाग देण्याच्या घाईत कित्येक मालिकांत पात्राचे हात, कोपर, मान यांचे सुटे तुकडे करून ते संगणकावर कळसूत्रीप्रमाणे हलविले जातात. तोंड उघडते, पण खांदा बोलत नाही. माणूस रडतो, पण त्याची पाठ रडत नाही. दुसरी तक्रार भाषेची. रिसोड-मालेगावकडचे पाच वर्षांचे मूल शाळेत जाण्याआधी हिंदी बोलू लागते ते या मालिकांमुळे. हिंदी येण्याला माझा आक्षेप नाही. पण राग, हट्ट, शौर्य आणि गंमत व्यक्त करण्याची पहिली वाक्ये त्याला परभाषेत मिळतात, आणि कोठे मराठी ध्वनिपट असला, तर तोही बहुधा अनुवादाचा, ज्यात ओठ एक बोलतात आणि कान दुसरे ऐकतात. मग वऱ्हाडीत रुसणारे आणि वऱ्हाडीतच भांडणारे पात्र या मुलाने कधी पाहावे?

मालकीचा प्रश्न केवळ पैशाचा नाही, तो येथे रेघेपर्यंत पोहोचतो. ॲनिमेशनच्या विद्यालयांत चालण्याचा पहिला धडा असतो तो सपाट रस्त्यावरून बूट घालून जाणाऱ्या माणसाचा. आता पोळ्याच्या मिरवणुकीतला बैल पाहा. त्याचे वशिंड पावलाबरोबर डुलते खरे, पण पावलाच्या मागून, किंचित उशिराने. पुढचा पाय टेकला की खांद्याचा स्नायू फुगतो, आणि वशिंड त्यानंतर कलते. मानेखालची पोळी त्याहूनही उशिरा हलते. झुलीचे गोंडे सर्वांत शेवटी. पोहरादेवीच्या यात्रेत चालणाऱ्या बंजारा स्त्रीचा घागरा ती थांबल्यावरही अर्धे वळण पुढे जातो, आणि आरशांवरील ऊन त्या वळणाबरोबर सरकते. डोक्यावर घागर घेतलेली बाई कमरेतून चालते, मान स्थिर ठेवून. हे निरीक्षण ज्याच्या डोळ्यांत मुरलेले आहे तो मुलगा या जिल्ह्यात आहे. परंतु त्याला काम मिळते ते दुसऱ्याच्या लांडग्याच्या पावलांत मधली रेघ भरण्याचे.

मोठ्या पडद्यावर आमच्या निर्मात्यांची धाव बहुतेककरून पुराणांकडे. २००५ साली व्ही. जी. सामंत यांच्या दिग्दर्शनाखाली ‘हनुमान’ आला आणि चालला. २०२५ सालच्या ‘महावतार नरसिंह’ने तर असे अमाप यश मिळविले की आता त्याची अनुकरणे निघतील. जातककथेची एवढी स्तुती करणाऱ्याला पुराणकथांचे वावडे असण्याचे कारण नाही. परंतु पौराणिक कथा लोकांना आधीच ठाऊक असते म्हणून ती घेतली, तर लेखकाचे श्रम वाचतात आणि पात्राची मालकीही कोणाची राहत नाही. हनुमंत सर्वांचा आहे, उद्या दुसरा कोणीही तो काढील. याउलट जे. जे. उपयोजित कला संस्थेत शिकलेल्या गीतांजली राव यांनी ‘बॉम्बे रोझ’मध्ये मुंबईच्या पदपथावरील फुले विकणारी मुलगी हाताने, चौकटीमागून चौकट रंगवून उभी केली आणि तो पट २०१९ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाच्या उद्घाटनाला लागला. अशा कामाला येथे गल्ला मिळत नाही, म्हणूनच त्याला आश्रय मिळाला पाहिजे.

आश्रय म्हणजे कोट्यवधींचा खर्चच, असेही नाही. विजया मुळे यांनी १९७४ साली ‘एक अनेक और एकता’ हा अवघ्या काही मिनिटांचा पट केला. भीमसेन यांनी त्याची चित्रे हलविली. सरकारी खर्चाने झालेला हा लहानसा पट दूरदर्शनवरून घरोघर गेला आणि आज पन्नाशी उलटून गेलेली माणसेही त्यातील चिमण्या विसरलेली नाहीत. मराठीला आज तासा-दोन तासांच्या भव्य पटांपेक्षा अशा पाच-सात मिनिटांच्या, जिव्हाळ्याने केलेल्या पन्नास पटांची गरज आहे, असे माझे निश्चित मत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या सप्टेंबरात ॲनिमेशन, दृक्‌परिणाम, गेमिंग आणि कॉमिक्स यांविषयीचे धोरण मंजूर केले आणि २०५० पर्यंतच्या काळासाठी ३,२६८ कोटी रुपयांची योजना मांडली. ही घटना स्वागतार्ह आहे. मात्र हा पैसा इमारती, संगणक आणि परदेशी कामाची कंत्राटे मिळविण्याच्या सोयी यांतच जिरला, तर आपण अधिक मोठे मजूर होऊ, एवढेच. शिवाय मधल्या रेघा काढण्याचे काम आता यंत्रबुद्धी करू लागली आहे. ज्यांनी मधल्या रेघेवरच संसार मांडला, त्यांच्यावर पहिली कुऱ्हाड पडेल, आणि ज्याच्यापाशी कथा आणि पात्र आहे तो यंत्रालाही चाकरीस ठेवील. म्हणून या निधीतील ठळक हिस्सा मराठी लेखक आणि चित्रकार यांना, पात्राचा हक्क त्यांच्याच नावे नोंदवून, लघुपटांसाठी द्यावा, अशी मागणी आपल्या लोकप्रतिनिधींनी केली पाहिजे. आणि असे लघुपट दाखविण्यासाठी सह्याद्री वाहिनीने रोज संध्याकाळची एक निश्चित वेळ राखून ठेवली पाहिजे.

शेवटी येथे बसलेल्या कलाशिक्षकांना माझी विनंती आहे. शासकीय रेखाकला परीक्षांच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन पायऱ्यांसाठी आपण मुलांकडून स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र काढून घेता, ते चालूच ठेवा; त्याबरोबर आठवड्यातून एक तास वहीच्या कोपऱ्यात पानामागून पान एकच बैल चालताना काढावयास लावा, आणि पाने भराभर उलटून तो चालतो की नाही हे मुलालाच पाहू द्या. यासाठी वही, पेन्सिल आणि तुमचे लक्ष यांखेरीज काहीही लागत नाही. आणि जे तरुण उद्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंत नोकरीस जातील, त्यांच्या पालकांना माझे सांगणे आहे की, करारनाम्यावर मुलाने सही करण्यापूर्वी पगाराच्या आकड्याइतक्याच काळजीने मालकी हक्काचे कलम त्याच्याकडून वाचून घ्या, आणि ते समजले नाही तर वकिलाला विचारा.