तट फोडू नका, तट वाचा



आपल्या चांद्या-गडचिरोलीच्या रानात जुने किल्ले पुष्कळ. जिवतीच्या डोंगरात माणिकगड आहे. कोरचीकडे टिपागड आहे. वैरागडचा कोट सपाटीवर आहे. गुरे चारताना आपण पडक्या भिंती पाहतो. मग कोणीतरी हळूच कानाशी लागतो, "अरे, आत धन पुरलंय!" झाले! अमावास्येच्या रात्री कुदळी निघतात.

मंडळी, धन आहे खरे. पण ते हंड्यात नाही, मातीच्या थरांत आहे. कसे, ते आता पाहू.

जाणती माणसे तट खणतात, तेव्हा तटाला आडवा, सरळ चर घेतात. माती सुरीने खरवडतात, बुरुशाने झाडतात. मग चराच्या बाजूला थर दिसू लागतात. कुठे काळी माती, कुठे मुरूम, कुठे राख. आपण कणगी भरतो, तेव्हा खालचे धान्य आधी पडते, वरचे मागून. तसेच हे. तटाखाली दबलेले खापर तटाच्या आधीचे. तटावर बांधलेले घर तटानंतरचे. यावरून तटाचे वय ठरते. कोणी मध्येच खड्डा केला, की वरचे खाली अन् खालचे वर. मग काय कळणार?

नागपूर जिल्ह्यात, कुही तालुक्यात अडम नावाचे गाव आहे. तेथे जुन्या नगराभोवती मातीचा तट आणि खंदक होता. १९८८ ते १९९२ या काळात भारतीय पुरातत्त्व खात्याने तेथे खोदकाम केले. त्यात मातीची एक लहानशी मुद्रा मिळाली. तिच्यावर 'अस्सक जनपद' हे नाव होते. अस्सक हा फार जुन्या काळचा एक देश. सोने शोधणाऱ्याने ती मुद्रा ढेकूळ म्हणून फेकली असती. अक्षर ओळखणाऱ्याने ती जपली. आपण आता अक्षर शिकलो. तेव्हा आपण कोणाच्या बाजूचे, सांगा बरे?

म्हणून आम्ही एवढेच मागतो. तटाचे दगड गोठ्याला नेऊ नका. तटाची माती घराला ओढू नका. जमिनीत पुरलेली मोलाची वस्तू सापडली, तर ती लपवू नका. १८७८ सालचा कायदा आहे. दहा रुपयांहून अधिक मोलाचे पुरलेले धन मिळाले, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

पोथीचे पान फाटले, की कथा तुटते. तट ही आपल्या वाडवडिलांची पोथी आहे. ती आपल्या लेकरांना वाचू द्या.