दुसरीच्या वर्षाची अखेर

(तालुक्यातील केंद्रप्रमुख, प्राथमिक शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या संयुक्त सभेत एका निवृत्त शिक्षकाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्च महिना उजाडला की आपल्या खेड्यातील शाळांचे रूप पालटते. शाळा सकाळची होते. पळसाचा बहर ओसरू लागतो आणि कडुनिंबाला कोवळी पालवी फुटते. वर्गात मात्र या सुमारास एक प्रकारची मरगळ येते. पाठ्यपुस्तक संपलेले असते, टाचणवहीत ‘अभ्यासक्रम पूर्ण’ अशी नोंद पडलेली असते आणि वार्षिक मूल्यमापनाला अवकाश असतो. मग मधल्या दिवसांना आपण ‘उजळणी’ असे नाव देतो. तीच पाने पुन्हा वाचावयाची, तेच पाढे पुन्हा म्हणावयाचे. मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या अखेरीपर्यंत सुमारे चाळीस दिवस होतात. या चाळीस दिवसांचे काय करावे, आणि तेही इयत्ता दुसरीच्या वर्गात काय करावे, एवढ्याच विषयावर मी आज बोलणार आहे.

विषय लहान वाटेल. दुसरीचे मूल सातआठ वर्षांचे. त्याच्या वर्षअखेरीची चिंता तालुक्याच्या सभेने का वाहावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यापूर्वी मला माझी एक चूक आपणांसमोर कबूल केली पाहिजे.

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी एका दोन शिक्षकी शाळेत होतो. गावातील बरीच कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परत येत. एका वर्षी असाच एक मुलगा मार्चअखेर वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. नाव दुसरीच्या पटावर होते, पण पाच महिने तो आईबापांबरोबर कारखान्याच्या कोपीवर होता. मी त्याला म्हणालो, “आता वर्ष संपलं रे. आता येऊन काय करणार? जूनपासून ये.” तो मान खाली घालून गेला. जूनमध्ये तो आला नाही. पुढच्या हंगामात तो धाकट्या बहिणीला सांभाळावयास पुन्हा कोपीवर गेला आणि काही वर्षांनी त्याच्याही हाती कोयता आला. मला नंतर कळले की, गाडीत चढणाऱ्या उसाच्या मोळ्या मोजण्यात त्या मुलाचा हात धरणारा कोणी नव्हता. माझ्या वर्गात शंभरापुढची संख्या सांगताना मुले अडखळत होती, आणि मोळ्यांची शेकडेवारी तोंडी करणाऱ्याला मी दारातून परत पाठविले होते. त्याला काय येते, हे मी विचारलेच नाही. ‘वर्ष संपले’ हे वाक्य त्या दिवसापासून मी वर्गात उच्चारले नाही.

दुसरी हाच उंबरठा का

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने वय तीन ते आठ हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला आहे. बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली व दुसरी या इयत्ता मिळून हा स्तर पूर्ण होतो. म्हणजे दुसरीच्या एप्रिलमध्ये मूल एक उंबरठा ओलांडत असते. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ कार्यक्रमाने या टप्प्यासाठी स्पष्ट अपेक्षा ठेवल्या. दुसरीअखेर मुलाने अनोळखी मजकूर मिनिटाला ४५ ते ६० शब्द या गतीने, अर्थ समजून वाचावा. ९९९ पर्यंतच्या संख्या वाचाव्या व लिहाव्या. आणि ९९ पर्यंतच्या संख्यांची वजाबाकी करावी.

या अपेक्षा वरून लादलेल्या वाटू नयेत. तिसरीपासून पुस्तकांचा स्वभावच बदलतो. दुसरीपर्यंत मूल वाचावयास शिकते. तिसरीपासून त्याला वाचून शिकावे लागते. परिसराचा पाठ, गणितातील शाब्दिक उदाहरण, प्रश्नाखालील सूचना, सारे वाचनावर उभे असते. ज्याला वाचता येत नाही ते मूल एका विषयात मागे पडत नाही, ते सर्वच विषयांत एकाच वेळी मागे पडते. शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि लहान इयत्तांतील नापासाचा शिक्का गेला, हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे न वाचणारे मूल तिसरीत जाताना कोणाच्याही डोळ्यांवर येत नाही. शिक्का गेला तरी जबाबदारी गेलेली नाही. ती मुलाकडून आपल्याकडे आली आहे.

वर्गातला बाजार

आता उपक्रमांकडे वळू. सांगतो ते सारे बिनखर्चाचे आहे आणि मी स्वतः करून पाहिलेले आहे.

पहिला उपक्रम वर्गातील बाजाराचा. गावच्या आठवडे बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तो भरवावा, कारण तेव्हा भाव मुलांच्या तोंडी असतात. कांदे, चिंचा, पेन्सिली, मातीची फळे असा माल. नोटा कागदाच्या, मुलांनीच केलेल्या. दुकानदाराने भाव पाटीवर लिहावयाचा, गिऱ्हाइकाने वाचावयाचा. बत्तीस रुपयांचा माल घेऊन पन्नासाची नोट दिली, तर परत किती? फळ्यावर उसनवारीच्या वजाबाकीला घाबरणारे मूल येथे बत्तीसावर आठ ठेवून चाळीस करते, वर दहा ठेवते आणि अठरा रुपये बिनचूक मोजून देते. शिक्षकाने त्या क्षणी त्याला थांबवून विचारावे, “कसं काढलंस ते सांग बरं.” मुलाने आपली रीत शब्दांत सांगितली की ती त्याची होते. मग तीच रीत फळ्यावर मांडावी.

ऊसतोडीहून, वीटभट्टीवरून परतलेल्या मुलांना या बाजारात आवर्जून दुकानदार करावे. त्यांच्यापाशी व्यवहाराचे गणित इतरांहून अधिक असते. उणीव असते ती लेखनाची. वर्गात पहिल्याच दिवशी ‘याला येते’ असे इतरांनी पाहिले, तर ते मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा येते.

चिंचोक्यांचे शतक

दुसरा उपक्रम संख्येचा. मराठी मुलाला संख्यानामांची एक विशेष अडचण असते. आपण ‘त्रेपन्न’ म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतात आणि पन्नास नंतर. लिहिताना मात्र पाच आधी येतो. म्हणून कित्येक मुले त्रेपन्न ऐकून ३५ लिहितात. ‘एकोणपन्नास’ ऐकताना कानावर पन्नास पडते आणि मूल ५९ लिहून मोकळे होते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशी वाचनाची पर्यायी रीत आली, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी या बदलामागची मुलांची अडचण समजावून सांगितली होती. वादात कोण कोणत्या बाजूचे होते, हे आता बाजूला ठेवू. अडचण खरी आहे, आणि ती वर्गात सोडविता येते.

एप्रिल हा चिंचा फोडण्याचा काळ. घरोघरी चिंचोके साठलेले असतात. ते आणावयास सांगावे. दहा चिंचोक्यांची एक पुडी, दहा पुड्यांची एक पिशवी. प्रत्येक गटाने आपले चिंचोके असे बांधून मोजावे. दोन पिशव्या, चार पुड्या आणि सुटे तीन म्हणजे २४३. नंतर शिक्षकाने ‘त्रेपन्न’ म्हणावे आणि मुलाने पाच पुड्या व तीन सुटे उचलून दाखवावे, मगच लिहावे. कान, हात आणि पाटी यांची अशी गाठ पडली की अंकांची उलटापालट थांबते. आठ दिवस रोज वीस मिनिटे दिली तरी फरक दिसतो.

माझे पुस्तक

तिसरा उपक्रम वाचनलेखनाचा. प्रत्येक मुलाने आठ पानांचे एक पुस्तक तयार करावे. जुन्या वह्यांची कोरी पाने दुमडून मधोमध दोरा घातला की पुस्तक झाले. एका पानावर चित्र आणि खाली दोन किंवा तीन वाक्ये. विषय मुलाच्या अनुभवातले असावेत : आमची शेळी, मी पडलो तो दिवस, आजीची गोष्ट, कोपीवरची रात्र. शुद्धलेखनाच्या चुका तांबड्या शाईने रंगवू नयेत. मुलाला शेजारी बसवून त्याचे वाक्य त्यालाच वाचावयास सांगावे. निम्म्या चुका ते स्वतः ओळखते. घरची बोली वाक्यात उतरली तर ती पुसू नये. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी बालकांसाठी काम केले, तेव्हा मुलाच्या परिसरातील वस्तू हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली होती. त्या मार्गाने जाण्यासाठी आजही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

ही पुस्तके दुसरीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना वाचून दाखवावी. स्वतःहून लहान श्रोता समोर असला की अडखळणारे मूलही धीट होते. नंतर पुस्तक घरी न्यावे आणि आजीला किंवा आईला ऐकवावे. जिने स्वतः कधी पुस्तक धरले नाही, त्या आजीच्या डोळ्यांत त्या वेळी जे दिसते, ते कोणत्याही तपासणी अहवालात मावणारे नाही.

येथे एक सावधगिरी सांगतो. मिनिटाला ४५ शब्द ही खूण आहे, शर्यत नव्हे. घड्याळ लावून मुलाला धावडविले तर ते अक्षरे उच्चारते, अर्थ मात्र मागे राहतो. वाचून झाल्यावर एक साधा प्रश्न विचारावा, “मग पुढं काय झालं?” उत्तर आले तर ते वाचन. आले नाही तर गती कितीही असो, काम शिल्लक आहे.

एक पानाची नोंद

शिक्षक बंधूंना आणखी एक विनंती आहे. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी अभिप्रेत आहेत. परंतु तीस मुलांपुढे ‘अभ्यासात रस घेतो’ हे एकच वाक्य तीस वेळा लिहिलेले मी पाहिले आहे, आणि तरुणपणी मी स्वतःही लिहिले आहे. त्या नोंदीने तिसरीच्या शिक्षकाला काय कळणार? त्याऐवजी लिहावे : ‘जोडाक्षरांवर अडते’, ‘हातच्याची बेरीज जमते, उसनवारीची वजाबाकी जमत नाही’, ‘गोष्ट सांगतो, लिहावयास घाबरतो’, ‘नोव्हेंबर ते मार्च स्थलांतरित’. एवढी एक ओळ जूनमधल्या शिक्षकाचे कित्येक आठवडे वाचविते. मेमध्ये बदल्या होतात, शिक्षक जातात. नोंद मागे राहते.

पंचायतीने काय करावे

आता पंचायत सदस्यांकडे वळतो. शिक्षण हे शिक्षकाचे काम, पंचायतीचे काम इमारतीचे, अशी वाटणी आपण मनाशी करून ठेवली आहे. कायदा तसे म्हणत नाही. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांची नोंद ठेवणे आणि स्थलांतरित कुटुंबांतील बालकांना शाळेत प्रवेश मिळवून देणे, ही कर्तव्ये शिक्षणहक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर सोपविली आहेत. कोणते कुटुंब कधी गेले आणि कधी परतले, हे ग्रामपंचायतीइतके कोणाला ठाऊक असते? परतलेल्या कुटुंबांची यादी मार्चमध्येच मुख्याध्यापकांच्या हाती पडली, तर एकही मूल दारातून परत जाणार नाही.

दुसरी गोष्ट सुटीची. मे महिन्याच्या सुटीत वाचनाचा सराव तुटला की मुलाची गती मंदावते. शाळेच्या कपाटातील गोष्टींची पुस्तके सुटीभर कुलपात राहतात. ती गावातल्या एखाद्या वाचनालयात, मंदिराच्या ओसरीवर किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील एखाद्या मातेच्या घरी ठेवावी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. त्या भगिनींवर विश्वास टाकावा. पाचदहा पुस्तके फाटतील. फाटलेले पुस्तक वाचले गेलेले असते.

शेवटी एक सूचना करतो आणि आपली रजा घेतो. अनेक शाळांत निकाल १ मे रोजी, महाराष्ट्र दिनी, सांगितला जातो. त्याच दिवशी ग्रामसभा असते. १९६० साली याच तारखेला आपले राज्य जन्मास आले आणि १९६२ साली याच तारखेला जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. त्या दिवशी ग्रामसभेच्या आरंभी सभेची विषयपत्रिका ग्रामसेवकांनी वाचू नये. ती दुसरीतून तिसरीत जाणाऱ्या मुलांनी, एकेकाने एकेक ओळ, वाचावी. मजकूर त्यांच्या ओळखीचा नसेल, शब्द अवघड असतील, एखादे मूल अडेल. अडल्यावर सभेने थांबावे आणि त्याला पुरते वाचू द्यावे. त्या दोन मिनिटांत गावाला आपल्या शाळेची खरी स्थिती कळेल आणि मुलाला कळेल की, आपल्या वाचनाची गावाला गरज आहे.

आणि त्या रांगेत मार्चमध्ये कोपीवरून परतलेले एखादे मूल उभे असेल, तर त्याला सर्वांत पुढे उभे करा. एक ओळ तरी त्याच्या वाट्याला येऊ द्या. चाळीस वर्षांपूर्वी मी जे दार लावून घेतले होते, ते तेवढ्याने उघडेल.