विकरांचा नीरक्षीरविवेक
(शताब्दीनिमित्त दिलेल्या भाषणाची संहिता)



मराठीचा अध्यापक रसायनावर बोलणार, हे वाचून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. परंतु मधुमेहाची जी गोळी आज घरोघरी पोहोचली आहे, तिच्या निर्मितीची कथा आपल्या भाषेत सांगता येऊ नये, हे शंभर वर्षांच्या वाचनालयाला शोभणारे नाही.

आपले दोन हात सारखे दिसतात. पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात बसत नाही. काही रेणूंची हीच गत असते. एक रूप दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब. अशा रेणूंना ‘कायरल’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी ‘हात’ या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. बाळंतशेपा आणि पुदिना यांचा वास आपण डोळे मिटून वेगळा ओळखतो. दोहोंत कार्व्होन हेच प्रमुख सुगंधी द्रव्य. मात्र एकात त्याचे उजवे रूप, तर दुसऱ्यात डावे. नाकाला कळणारा हा भेद शरीरातील पेशींनाही कळतो. म्हणूनच औषधातील नको असलेले रूप निरुपयोगी आणि प्रसंगी अपायकारकही ठरते.

ही दोन रूपे प्रथम वेगळी केली लुई पाश्चर यांनी, १८४८ साली. तांदळातले खडे वेचावेत तसे त्यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक हाताने वेचले. पुढे त्यांना असेही आढळले, की एक बुरशी यांतले एकच रूप फस्त करते आणि दुसरे तसेच ठेवते. हे निवडीचे काम विकरांचे. विकर म्हणजे सजीवांतील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. त्याच्या अंगी एक खोबण असते आणि तीत ठरावीक आकाराचाच रेणू बसतो. एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये या नात्याला कुलूपकिल्लीची उपमा दिली.

मग औषधनिर्मितीत सर्वत्र विकरेच का वापरू नयेत? अडचण अशी, की निसर्गाने विकर घडविले ते सजीवाच्या गरजेसाठी. कारखान्यातला परका रेणू त्याच्या खोबणीत मावत नाही आणि तिथल्या द्रावकांत ते तग धरीत नाही. शिवाय त्याच्या अंगी दोन गुण एकत्र हवेत : कार्यशक्ती आणि निवडकपणा. झपाट्याने काम करून दोन्ही रूपे बनविणारे विकर नको आणि अचूक परंतु मंदगती विकरही परवडत नाही.

यावर फ्रान्सिस आर्नोल्ड यांनी शेतकऱ्याला परिचित असा मार्ग काढला. विकराच्या जनुकात स्वैर बदल करायचे, शेकडो वाण तपासायचे, उत्तम तेवढे राखायचे आणि त्यातून पुढची पिढी काढायची. त्यांचे या पद्धतीचे गाजलेले काम १९९३ चे. मान्फ्रेड रेट्झ यांनी १९९७ मध्ये याच वाटेने निवडकपणा वाढविला. त्यांच्या विकरातून निघणाऱ्या एका रूपाचे दुसऱ्यावरील आधिक्य चार पिढ्यांत २ टक्क्यांवरून ८१ टक्क्यांवर गेले. आर्नोल्ड यांना २०१८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

आता त्या गोळीकडे येऊ. तिचे नाव सिटाग्लिप्टिन. पूर्वी तिच्या निर्मितीत ऱ्होडियम ही महागडी धातू आणि उच्च दाबाखालील हायड्रोजन लागे. तरीही नको असलेले रूप काही अंशी उरे आणि ते वेगळे काढावे लागे. मर्क आणि कोडेक्सिस या कंपन्यांच्या संशोधकांनी जे विकर निवडले, ते आरंभी या रेणूला स्पर्शही करीत नव्हते. त्यांनी प्रथम संगणकावर आकार ताडून खोबण रुंद केली. तेव्हा क्रिया कशीबशी दिसू लागली. मग पिढ्यांमागून पिढ्या निवड झाली. अखेरच्या विकरात २७ अमिनो आम्ले बदललेली होती. एका लिटरमागे २०० ग्रॅम मूळ द्रव्य ते पचवू लागले आणि नको असलेले रूप जवळजवळ नाहीसे झाले. २०१० मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. उत्पन्न वाढलेच, शिवाय टाकाऊ द्रव्यही सुमारे १९ टक्क्यांनी घटले.

दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस आपल्या परंपरेने कल्पिला. या प्रयोगशाळांनी तो विवेक एका प्रथिनाच्या अंगी बाणवला. त्यासाठी बुद्धीने दार किलकिले केले. आत प्रवेश मिळाला तो मात्र हजारो अपयशी वाण निमूटपणे बाजूला ठेवणाऱ्या चिकाटीमुळे. विज्ञानाची ही बाजू आपल्या तरुण वाचकांपर्यंत मराठीतून पोहोचावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.