जुन्या ट्रॅक्टरला निरोप देताना

वीस वर्षे ज्याने नांगरट केली, ऊस वाहिला, तो ट्रॅक्टर विकताना घर गलबलतं. आमचा गेला तेव्हा आईने हळदकुंकू लावून नारळ फोडला. वडील मात्र गोठ्यामागे जाऊन उभे राहिले. गिऱ्हाईक ओळखीचं, म्हणून स्टँप कागदावर सही करून चावी दिली. दोन वर्षांनी त्याच ट्रॅक्टरच्या अपघाताची नोटीस वडिलांच्या नावाने दारात आली!

असं का झालं? आरसीवर ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. सुप्रीम कोर्टानेही २०१८ साली हेच सांगितलं आहे. तेव्हा माया जरूर करा, पण मायेच्या भरात कागद विसरू नका.

कर्ज फिटलं असेल तर बँकेचा दाखला घेऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवा. फॉर्म २९ आणि ३० भरा. विक्रीची खबर १४ दिवसांच्या आत आरटीओला द्या. घेणाऱ्याने ३० दिवसांत द्यायची असते. ट्रॉलीची नोंदणी वेगळी, म्हणून तिचे फॉर्मही वेगळे. नाव बदललेलं आरसी स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि त्याची झेरॉक्स जपून ठेवा.

भंगारातच काढायचा असेल, तर सरकारी नोंदणी असलेल्या स्क्रॅप केंद्रातच द्या. जमा केल्याचा दाखला घ्या व आरटीओकडून नोंदणी रद्द करून घ्या.

नारळ फोडा, पेढे वाटा. पण नाव उतरल्यावरच निरोप पुरा झाला असं समजा.