कार्ब्युरेटरची कैफियत



कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट या नावाने, आणि पुढे १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने जी मोटार बाहेर पडत गेली, तिची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. परंतु खासगी मालकांनी निगुतीने जतन केलेल्या पद्मिनी आजही आपल्या प्रांतात धावत आहेत, आणि त्यांपैकी एखादी सिग्नलपाशी बंद पडली की मालकापासून मिस्त्रीपर्यंत सर्वांचा संशय प्रथम जातो तो कार्ब्युरेटरवर. बॉनेट उघडले जाते, स्क्रूड्रायव्हर पुढे येतो आणि कोणतीही चौकशी न करता मिक्स्चरचा स्क्रू फिरवला जातो. साक्षीपुरावा न घेता निकाल देण्याची ही पद्धत मला मनापासून अमान्य आहे. इंजिन बिघडले कोठे, या प्रश्नाच्या आधी ते बिघडते केव्हा, हा प्रश्न विचारला पाहिजे. कारण कार्ब्युरेटरची सारी कैफियत त्या ‘केव्हा’मध्ये नोंदलेली असते.

असे का, हे समजण्यासाठी त्याच्या रचनेकडे पाहावे लागेल. पद्मिनीच्या १०८९ घनसेंटीमीटरच्या इंजिनाला पेट्रोल वजनाने एक भाग आणि हवा सुमारे १४.७ भाग, या प्रमाणात मिश्रण मिळाले म्हणजे ज्वलन पूर्ण होते. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंचुरी याने १७९७ मध्ये ज्या तत्त्वाचे विवेचन केले, त्यानुसार अरुंद गळ्यातून जाताना हवेचा वेग वाढतो व दाब उतरतो. त्या उतरलेल्या दाबामुळेच जेटमधील पेट्रोल वर ओढले जाऊन तुषाररूपाने हवेत मिसळते. परंतु थंड इंजिनाला मिश्रण याहून पुष्कळ दाट लागते, चढावर काहीसे दाट लागते, आणि थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असताना तर मुख्य गळ्यातून हवा इतकी मंद वाहते की मुख्य जेटचा काही उपयोगच होत नाही. म्हणून एका धातूच्या पेटीत प्रत्येक अवस्थेसाठी स्वतंत्र वाट कोरलेली असते, आणि ज्या अवस्थेत इंजिन कुरकुरते त्या अवस्थेची वाट प्रथम तपासावयाची असते.

गाडी रस्त्यावर उत्तम चालते, पण पाय काढताच आचके देत बंद पडते, असे असेल तर मुख्य जेट निर्दोष समजावा आणि मिटलेल्या थ्रॉटलसाठीचा स्लो जेट काढावा. हा पितळी तुकडा नखाएवढा असतो. त्याचे छिद्र खिडकीच्या उजेडासमोर धरले असता प्रकाशाचा स्वच्छ गोल ठिपका दिसला पाहिजे, आणि तो अर्धा किंवा धूसर दिसला तर आत कचरा किंवा वाळलेल्या पेट्रोलचा डिंक बसला आहे असे निश्चित मानावे. येथे कळकळीने सांगतो, की त्या छिद्रात तार घालू नये. सोलेक्स जातीच्या जेटवर कोरलेला आकडा हा छिद्राच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शतांशातील, दस्तऐवज असतो. पितळ मऊ असल्याने तारेचा एक फेरा तो दस्तऐवज कायमचा खोटा ठरवतो. द्रावकात भिजवून दाबाच्या हवेने फुंकणे, एवढाच उपाय योग्य.

याउलट आयडलिंग सुरळीत आहे, परंतु पॅडल दाबताच गाडी क्षणभर अडखळते, पिकअप घेत नाही, अशी तक्रार असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पंपाकडे वळावे. याची परीक्षा फार सोपी आहे: थंड इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढावा, गळ्यात डोकावून थ्रॉटलचा दांडा हाताने उघडावा, त्याच क्षणी पेट्रोलची बारीक, अखंड धार सुटली पाहिजे. धार उशिरा आली वा तुटक आली तर पंपाचा पडदा कडक झाला आहे किंवा फाटला आहे. वेगात आणि चढावर दम सुटत असेल तर मुख्य जेट, आणि त्याबरोबर पेट्रोल पंप व गाळणी यांची झडती घ्यावी.

धूर काळा, वास पेट्रोलचा आणि गरम इंजिन पुन्हा सुरू होण्यास नाखूष, ही लक्षणे पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोट-चेंबरची. फ्लोट पितळी आणि पोकळ असेल तर तो काढून कानाशी हलवावा; आत पेट्रोल खळखळले तर त्याला सूक्ष्म छिद्र आहे. ते डोळ्यांना दिसत नाही. पण फ्लोट गरम पाण्यात बुडवला की आतील वायू प्रसरण पावून त्या जागी बुडबुड्यांची माळ उठते. नीडल व्हॉल्व्हच्या टोकाला झीज होऊन कडे पडले असेल तर तो बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

एक संशयित मात्र या तपासात वेगळा उभा राहतो, तो म्हणजे इग्निशन. पॉइंटमधील अंतर बिघडले, कंडेन्सर दुर्बळ झाला किंवा प्लग थकला, तर लक्षणे हुबेहूब कार्ब्युरेटरच्या दोषासारखीच दिसतात. म्हणून ठिणगी निर्दोष ठरल्याखेरीज कार्ब्युरेटरला हात लावू नये, असा माझा आग्रह आहे. त्यानंतर प्लग काढून त्याचा रंग पाहावा: काजळी असेल तर मिश्रण दाट, पांढुरका असेल तर पातळ, आणि फिकट तपकिरी असेल तर योग्य. पातळ मिश्रणामागे पुष्कळदा जेट नसून चोरवाटेने शिरणारी हवा असते. थ्रॉटलच्या झिजलेल्या दांड्यावर तेलाचे दोन थेंब सोडले आणि इंजिनाची चाल तात्पुरती सुधारली, तर गुन्हेगार सापडला.

आता एका नव्या अडचणीचा उल्लेख करणे अगत्याचे आहे. आज पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलच्या पूर्ण ज्वलनास हवा नऊ भागच पुरते. त्यामुळे या मिश्र इंधनाचे योग्य प्रमाण साडेतेराच्या आसपास उतरते, आणि पद्मिनीच्या काळच्या पेट्रोलसाठी निवडलेला जेट आज तेवढ्याच छिद्रातून मिश्रण पातळ पाठवतो. प्लग सातत्याने पांढुरके येत असतील, आणि हवेची चोरवाट व कचरा दोन्ही नसल्याची खात्री झाली असेल, तर एक अंक मोठा जेट बसवणे सर्वथा समर्थनीय आहे. शिवाय इथेनॉल पाणी शोषून घेते, जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा फुगवून मऊ करते, आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित अंगावर पांढरी भुकटी चढवते. म्हणून नळ्या व पडदे इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवावेत, आणि पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर पेट्रोलचा पुरवठा तोडून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे, म्हणजे फ्लोट-चेंबर जवळजवळ रिकामा होतो, उरलेले थेंब तळाचा प्लग असल्यास तेथून काढता येतात, आणि जेटमध्ये डिंक धरण्यास काही शिल्लक राहत नाही.